नानांच्या पेट्यांखालचं रबर

चुडामण नाना मशीनजवळ गेले की आधी चप्पल काढायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते जळगावच्या एका डाळ मिलमध्ये. मोटरच्या लोखंडी चौकटीवर अनवाणी उजवा पाय टेकवून, डोळे मिटून, हा सहा फुटी माणूस उभा होता. मला वाटलं, काय भाविक माणूस आहे! मशीनला देव मानतो. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले आणि मुकादमाला अहिराणीत ओरडून सांगितलं, "बेअरिंग गयं. आठ दिन चाली, नववा दिन नही."

नवव्या दिवशी नवं बेअरिंग माझ्याच दुकानातून गेलं. माझं मिल स्टोअर आहे. पट्टे, बेअरिंग, बोल्ट, रबर, मिलला लागणारं सगळं. आमचं जैन घराणं मूळ मारवाडातलं, पण माझ्या आजोबांपासून आम्ही जळगावचे. पिंप्राळ्यात आमचं दुमजली घर आहे. खाली मी, माझी बायको प्रेमकुंवर आणि माझी आई, सज्जनबाई. आमच्यात आईला बाई म्हणतात, मीही बाईच म्हणतो. ही गोष्ट घडली तेव्हा वरच्या मजल्यावर चुडामण नानांना एकोणीस वर्षं झाली होती. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. भाडेकरू हा शब्द त्यांना लावायला मला जड जातं. त्यांनी आमच्या घरातला एकही नळ कधी गळू दिला नाही.

नाना बोलायचे फार. समोरच्याला बोलायची पाळी क्वचितच यायची. मिलमधल्या माणसांना खड्या आवाजाची सवय असते, म्हणून आम्हीही त्यांच्याशी ओरडूनच बोलायचो. एकोणीस वर्षं एका छपराखाली राहून माणसाची खरी गोष्ट आपल्याला कळू नये, ही शरमेचीच बाब आहे. पण मी स्वतःला हुशार समजतो ना, तिथंच सगळा घोळ झाला.

ब्याण्णव साली नाना मिलमधून निवृत्त झाले. दुसऱ्याच आठवड्यात ते धुळ्याला गेले आणि तिथल्या एका बंद पडलेल्या व्हिडिओ सेंटरच्या दोन स्पीकरच्या पेट्या एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. एकेक पेटी कमरेएवढी उंच, आत परातीएवढा स्पीकर. सोबत अॅम्प्लिफायर आणि टेपडेक. हाय-फाय आहे, हाय-फाय, असं ते आल्यागेल्याला सांगत. कॅसेट मात्र सगळ्या एकाच जातीच्या: लग्नाचा बँड, संबळ, ढोल. संध्याकाळी सहाला ते खुर्ची मांडायचे, दोन्ही पेट्यांच्या मध्ये अनवाणी बसायचे आणि आठ वाजेपर्यंत वाजवायचे.

आमच्या वरच्या मजल्याची जमीन सागवानी फळ्यांची. त्या फळ्या तुळयांवर, तुळया खांबांवर, आणि मधला खांब बाईच्या खोलीत. ढोलाची प्रत्येक थाप त्या खांबातून खाली उतरायची. गाण्याचा बाईला कधीच त्रास नव्हता, तिचे कान अडुसष्ट वर्षांचे होते, सूर तिच्यापर्यंत पोचतही नव्हते. त्रास होता तो थापेचा. पाटावर बसली तरी पाटातून यायची, कॉटवर पडली तरी कॉटमधून यायची. बाई रोज संध्याकाळी सामायिकाला बसते, अठ्ठेचाळीस मिनिटं, चित्त स्थिर करून. चित्त कुठलं स्थिर होतंय! छातीत दुसऱ्याच कुणाचं काळीज धडधडतंय असं वाटतं, असं ती प्रेमकुंवरला म्हणाली.

सहा महिने तिने सोसलं. मग पर्युषण वीस दिवसांवर आलं तेव्हा तिने मला समोर बसवलं. त्या वर्षी तिला अठाई करायची होती. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. डॉक्टर नको म्हणत होते, तिचं मन हो म्हणत होतं.

"भंवर," ती म्हणाली, "आठ दिवस उपाशीपोटी ही धडधड मला झेपायची नाही. तू चुडामणभाऊंना सांग, पेट्या काढा. नाही काढल्या तर त्यांना दुसरं घर बघायला सांग. मला पाप लागलं तर लागू दे."

एवढं बोलून ती रडली. मी 'सांगतो' म्हणालो. एकोणीस वर्षांनी, निवृत्त झालेल्या, एकट्या माणसाला मी काय सांगणार? तुमचं सुख उचला आणि चालू पडा? दोन दिवस मी मागच्या दाराने दुकानात गेलो. हसू नका, खरंच गेलो.

तिसऱ्या दिवशी दुकानात मोटरखाली घालायचं रबर मोजताना डोक्यात आलं, अरे, आपण हेच तर विकतो! मशीनचा हादरा जमिनीत जाऊ नये म्हणून खाली रबराचे पाय देतो. मग पेटीखाली दिले तर? मी धावत घरी गेलो आणि नानांना जिन्यातच गाठून, 'पेट्या काढा, नाहीतर घर बघा' एवढं सोडून बाकीचं सगळं सांगितलं. नाना एकदम गंभीर झाले. "मायले इतला तरास व्हस आनि माले कोनी सांगं नही?" म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहून मीच खजील झालो.

आता आमची अक्कल बघा. मी मिलचा माल विकणारा, ते मिलचे फिटर. आमचा दोघांचा हिशेब एकच की रबर जितकं कडक तितकं भारी. दुकानातले सगळ्यात कडक पाय मी निवडले, अर्ध्या टनाची मोटर सहज पेलणारे. दोन पेट्यांखाली आठ पाय बसवले. नानांनी ढोल लावला, मी खाली बाईच्या खांबाला हात लावून उभा राहिलो. धडधड होती तशीच! उलट मला तर थोडी जास्तच वाटली. बाई नुसती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग म्हटलं, मऊ घालून बघू. चपलेच्या तळव्याचा स्पंज आणला, दुहेरी करून घातला. एक दिवस बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्पंज दबून पापडासारखा झाला आणि एक पेटी भिंतीकडे कलली. पर्युषणाला तेरा दिवस उरले होते. प्रेमकुंवर म्हणाली, "अहो, दुकान कशाचं चालवता तुम्ही नक्की?"

या टोमण्याने मी धुळ्याची गाडी पकडली. तिथे झुलाल नावाचा एक रबराचे सुटे भाग बनवणारा होता, मिलचा माल मी त्याच्याकडूनच घ्यायचो. पारोळ्यात गाडी पंक्चर झाली, तरी दुपारी पोचलो. झुलाल साच्यापुढे घामाघूम बसला होता. मी सगळी कहाणी सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला.

"पेटीनं वजन कितलं शे?"

मला माहीत नव्हतं! रबर विकत वीस वर्षं झाली, आणि वजन न विचारताच मी पाय निवडले होते. अंदाजाने म्हटलं, असेल वीस किलो.

"मंग तुम्हीन मोटरनं रबर कसाले लायं?" झुलाल हसायला लागला. "भाऊ, रबर दबाले पाहिजे. जे दबत नही ते रबर नही, दगड शे. आनि जे बठ्ठं दबी गयं ते बी दगडच."

इतकी साधी गोष्ट. ओझ्याखाली रबर थोडं बसलं पाहिजे आणि तरीही त्याच्यात आणखी बसायला जागा उरली पाहिजे, तरच ते थाप गिळतं. अर्ध्या टनाचं रबर वीस किलोच्या पेटीखाली हलतच नाही, थाप सरळ आरपार जाते. झुलालने मऊ मिश्रणाचे, आतून पोकळ असे आठ पाय चार दिवसांत करून द्यायचं कबूल केलं. मी घरी येऊन शेजारच्या आडतीतून वजनकाटा मागवला आणि पेट्या तोलल्या. बावीस किलो भरल्या. लगेच धुळ्याला फोन लावला. एकदा तरी वजन नीट सांगायचं होतं.

पाय आले ते पर्युषणाला पाच दिवस असताना. नानांनी ते स्वतः बसवले, पेट्या ओळंब्यात घेतल्या आणि ढोलाची कॅसेट लावली. मी खाली धावलो. बाईने खांबाला तळवा लावला होता. बराच वेळ तिने तो तसाच ठेवला. मग म्हणाली, "लावलं का त्यांनी?"

"लावलंय! पूर्ण मोठ्याने लावलंय."

"काही नाही येत," ती म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. माझा जीव भांड्यात पडला. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो. नाना पेटीवर तळवा ठेवून उभे होते. मला वाटलं, कारागीर आपल्या कामाला शाबासकी देतोय. मी ओरडलो, "नाना, जमलं! खाली काहीच नाही!" त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "बरं व्हयनं. मायले सुख लागनं, बरं व्हयनं."

बाईची अठाई लागली. दिवसामागून दिवस गेले. घरात शांतता होती, इतकी की वरून गाण्याचा सूरही येत नव्हता. मी प्रेमकुंवरला म्हटलं, "बघ, नानांचं मन किती मोठं. रबर असूनही बाईच्या तपासाठी त्यांनी वाजवणंच बंद ठेवलंय." दुकानात येणाऱ्या चार जणांनाही मी हे सांगितलं. मला ते सांगताना फार छान वाटायचं.

आठवा दिवस संवत्सरीचा. वर्षभरात कुणाला कळत-नकळत दुखावलं असेल तर त्याची क्षमा मागायची, असा आमचा रिवाज. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईचं पारणं होतं. प्रेमकुंवरने मुगाचं पाणी कोमट करून वाटीत ओतलं, नातेवाईक जमले. बाईने वाटी हातात घेतली नाही.

"आधी मला वर ने," ती म्हणाली. "त्या माणसाला घराबाहेर काढ, असं मी बोलले होते. त्याची क्षमा मागितल्याशिवाय मी पारणं करायची नाही."

आठ दिवसांची उपाशी बाई प्रेमकुंवरच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढली. वाटी घेऊन मी मागे. वर नाना खिडकीशी पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसले होते. पेट्यांवर चादर टाकलेली, तिच्यावर धूळ.

"चुडामणभाऊ, मिच्छामि दुक्कडम्," बाई हात जोडून म्हणाली. नाना वाचत राहिले. तिने पुन्हा म्हटलं. नाना वाचतच राहिले. बाईचा आवाज उपासाने बारीक झाला होता हे खरं, पण ती त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. तिने वाकून त्यांच्या पायाशी फळीवर तळव्याने थाप दिली. नाना ताबडतोब वळले.

मी तिथे उभा होतो. मशीनवर टेकवलेला तो अनवाणी पाय, तोंडाकडे बघत ऐकणं, दुसऱ्याला बोलू न देणारी बडबड, पेटीवर ठेवलेला तळवा, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं.

नाना धडपडत उठले. "माय, तुम्हीन कसाले वर उनात?"

बाईने चादरीकडे बोट दाखवलं आणि ओठ नीट हलवत विचारलं, "का वाजवत नाही?"

नानांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहून म्हणाले, "माय, मना कान मिलमाच ग्यात. वीस वरीस व्हयनात. ढोल माले पायमा ऐकाले ये, फळीमाईन. रबर लागनं आनि पेट्या मुक्या व्हई ग्यात. भंवरशेठ मनासाठे इतला हिंडनात, मंग मी कसं सांगू?"

नानांच्या मोठ्या मनाच्या मी सांगितलेल्या गोष्टी माझ्याच तोंडात मारल्यासारख्या झाल्या. बाई त्यांच्या खुर्चीवर बसली. प्रेमकुंवरने वाटी पुढे केली, तर तिने ती हाताने बाजूला सारली.

"भंवर, ते रबर काढ."

"बाई, आधी पारणं कर, मग बघू. तुला चक्कर येईल."

"आधी काढ. यांचं वाजू दे, मग मी तोंडात पाणी घेते."

खाली पाहुणे ताटकळलेले, सूर्य वर आलेला, आई आठ दिवसांची उपाशी, आणि मी फळीवर उपडा पडून स्वतः निवडलेले आठ पाय एकेक करून उपसतोय! नाना "नका, नका" करत होते. ते ऐकतंय कोण? तेही ऐकत नव्हते आणि मीही नाही. पेट्या फळीवर टेकल्या, नानांनी बटण दाबलं. ढोल सुरू झाला. खिडकीच्या गजापासून खालच्या मांडणीपर्यंत सगळं घर हादरलं. नानांचे डोळे मिटले. बाईने त्यांचा चेहरा पाहिला, अनवाणी पाय फळीवर नीट टेकवले आणि वाटीतलं पाणी घोटभर घेतलं. आमच्या घराण्यात बँडच्या तालावर पारणं केलेली ती पहिलीच.

बाईने क्षमा मागितली खरी, पण धडधड ती धडधडच. चौथ्या दिवशी तिचं डोकं पुन्हा धरलं. ती तक्रार करत नव्हती, नुसती सहाला दार लोटून घ्यायची. ते दार नानांनी पाहिलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात येऊन माझ्यासमोर बसले आणि टेबलावर बोटाने एक चौकट काढली.

"शेठ, मोटर आनि गिरणी एकाच पाटवर ऱ्हास ना? रबर मोटरखाले घाला, तर पट्टा सुटी जास. रबर घालाना पाटखाले." मग छातीवर हात ठेवून म्हणाले, "पेट्या मोटर. गिरणी मी. माले बी त्याच पाटवर बसाडा."

मिलमधला पोऱ्यासुद्धा जाणतो अशी ही गोष्ट. माणूस आणि पेट्या दोन्ही एका जाड पाटावर घ्यायचे, म्हणजे थाप पेटीतून पाटात, पाटातून त्यांच्या पायांत. आणि रबर पाटाच्या खाली, म्हणजे पुढे फळीत काही नाही. आम्ही रबर चुकीच्या जागी घालत होतो.

या वेळी मी वजन आधी केलं. सुताराने चार इंची चौकटीवर सागाचा पाट केला. आडतीच्या काट्यावर आधी पाट चढवला, मग पेट्या, मग खुर्ची, आणि शेवटी खुद्द नाना मांडी घालून बसले. आडतीतले हमाल पोट धरून हसत होते. नानांना वाटलं कौतुक चाललंय, तेही हसले. एकूण भरलं दोनशे सव्वीस किलो. झुलालने त्या वजनाचे सहा पाय पाठवले, सोबत एक चिठ्ठी, 'आते बराबर निवडं.'

पाट बसला, पाय बसले, नाना चप्पल काढून पाटावर चढले. मी वर, प्रेमकुंवर जिन्यात, बाई खाली खांबाशी. नानांनी कॅसेट लावली. त्यांनी डोळे मिटले, टाचा पाटावर घट्ट दाबल्या, आणि त्यांच्या पायाचा अंगठा हळूहळू तालावर हलायला लागला. प्रेमकुंवरने खालून ओरडून सांगितलं, "बाई म्हणतात, काहीच नाही!" मी पाटाच्या कडेवर मटकन बसलो. खरं सांगतो, मला रडू आलं. माझ्या पार्श्वभागाला ढोल स्पष्ट कळत होता.

याला आता सहा वर्षं झाली. नाना रोज सहाला पाटावर चढतात. गिरणी सुरू, असं आम्ही म्हणतो. बाईच्या खांबाला काही म्हणजे काही येत नाही. आणि आता तिची एक वेगळीच गंमत सुरू झाली आहे. सहा वाजून दहा मिनिटं झाली की तिची चुळबुळ सुरू होते. सामायिकाचं आसन अंथरते, पण बसत नाही. खांबाला तळवा लावते, आणि काही येत नाही म्हणून बेचैन होते. एकोणीस वर्षं तो माणूस आपल्या डोक्यावर बहिरा राहिला आणि आपल्याला कळलं नाही, ही गोष्ट तिच्या मनातून जात नाही.

"भंवर, जरा वर जाऊन ये."

मी वर जातो. नाना डोळे मिटून बसलेले असतात, ढोल दणदणत असतो. मी पाटाला हात लावतो, खात्री करतो आणि खाली येतो.

"वाजतंय, बाई."

"वाजतंय ना?" ती पुन्हा विचारते. मी हो म्हणतो, तेव्हा कुठे ती आसनावर बसते आणि डोळे मिटते.